दुसरी फळी: पुण्याजवळच्या एका मैदानावरचं भालाफेकीचं प्रकरण

प्रश्न वरवर छोटा होता. सोलापूर रस्त्यालगतच्या एका शाळेतली दहावीची मुलगी २०२४ च्या शालेय विभागीय स्पर्धेत १७ वर्षांखालच्या गटात भालाफेकीत दुसरी आली. पाठोपाठ एका निवासी प्रशिक्षण केंद्राच्या निवड चाचणीचं बोलावणं आलं. चाचणी पंधरा दिवसांवर होती आणि मुलीचं उजवं कोपर आतल्या बाजूने दुखत होतं. पाठवायचं की थांबवायचं?

सरावाच्या नोंदी ठेवण्याचं काम माझ्याकडे असल्यामुळे मी हे सगळं जवळून पाहिलं. मुलीचं आणि शाळेचं नाव इथे देत नाही. प्रकरण लिहून काढावंसं वाटलं, कारण त्या एका कोपराच्या दुखण्याचा माग काढत गेलं की देशात भालाफेकीची दुसरी फळी नेमकी कुठे अडते ते स्पष्ट दिसतं. माझं मत आधीच सांगून टाकतो. फेकणारे हात आपल्याकडे भरपूर आहेत, भालेही विकत मिळतात. फेक बघून चूक ओळखणारी नजर मात्र फार थोड्यांकडे आहे, आणि ती वाढवण्यासाठी आपण जवळजवळ काहीच करत नाही.

मैदान आणि माणसं

मैदान शाळेचं, पण वापरतं सगळं गाव. पहाटे पोलीस भरतीची पोरं १६०० मीटर धावतात आणि कोपऱ्यात गोळा फेकतात. भरतीत गोळाफेकीला गुण आहेत, त्यामुळे गावात गोळे कितीतरी घरांत सापडतील. भाला एकाही घरात नव्हता. संध्याकाळी टेनिस बॉल क्रिकेटचे दोन-तीन सामने एकमेकांत मिसळून चालतात. आणि भाल्याला तर मोकळी जागा लागते. धावपट्टी किमान ३० मीटर, पुढे फेकीचा पट्टा २८.९६ अंशांत उघडत जातो. हा आकडा विचित्र वाटतो, पण व्यवहारात हिशेब सोपा आहे: जितकं अंतर, त्याच्या निम्मी रुंदी. ४० मीटरवर पट्टा २० मीटर रुंद. म्हणजे शाळकरी मुलीसाठीसुद्धा जवळजवळ अख्खं मैदान अडवावं लागतं. क्रीडाशिक्षकांनी क्रिकेटवाल्यांशी भांडण न करता सकाळची साडेसहा ते पावणेआठची वेळ धरली. पट्ट्याच्या दोन्ही कडांना फक्की, टोकाला शिट्टी घेऊन उभा असलेला एक मुलगा, आणि सगळे भाले फेकून झाल्याशिवाय कुणीही आणायला पळायचं नाही. हा शेवटचा नियम मोडला की त्या दिवशीचा सराव बंद.

सर बीपीएड, म्हणजे शारीरिक शिक्षणाची पदवी घेतलेले, स्वतः खो-खोचे खेळाडू. भालाफेक ते मोबाईलवर व्हिडिओ बघून शिकले आणि मुलांना शिकवू लागले. केनियाचा ज्युलियस येगो असाच यूट्यूबवरून शिकला आणि २०१५ मध्ये ९२.७२ मीटर फेकून विश्वविजेता झाला, हे ते नेहमी सांगत. ते खरंच आहे. पण येगो स्वतःची फेक सुधारत होता. दुसऱ्याच्या वाढत्या शरीराची जबाबदारी त्याच्यावर नव्हती. शिवाय पुढे तोही फिनलंडमध्ये कुओर्ताने इथे जाऊन प्रशिक्षकाच्या हाताखाली सराव करून आला. हा भाग सांगायचा राहून जातो.

मुलगी सापडली ती चेंडूफेकीत. आठवीत असताना शाळेच्या क्रीडादिनी तिने टाकलेला चेंडू कुंपणापलीकडच्या उसात गेला. सरांनी विचारलं, "हात कुठे तयार केलास गं?" तर म्हणाली, "चिंचा पाडून." गावात असे हात ढिगाने आहेत. सीमारेषेवरून थेट यष्टीवर चेंडू टाकणारी मुलं प्रत्येक आळीत दोन-तीन तरी निघतील. मेरठजवळच्या अन्नू राणीने सुरुवातीला उसाचीच कांडी फेकली, हे आता सर्वांना ठाऊक आहे. तिनेच पुढे २०२२ मध्ये ६३.८२ मीटरचा राष्ट्रीय विक्रम केला आणि २०२३ मध्ये हांगचौच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवलं. उसाची तर आमच्या पट्ट्यातही कमतरता नाही.

सुरुवात बांबूच्या भाल्याने झाली, मग शाळेने ५०० ग्रॅमचा धातूचा भाला घेतला. वर्षभरात मुलगी तीस मीटरच्या पुढे गेली. २०२४ च्या ऑगस्टमध्ये पॅरिसमध्ये नीरज चोप्राने ८९.४५ मीटरवर रौप्य आणि पाकिस्तानच्या अर्शद नदीमने ९२.९७ मीटरच्या ऑलिम्पिक विक्रमासह सुवर्ण घेतलं. त्या आठवड्यात मैदानावर एकदम गर्दी झाली. आलेल्या मुलांत दम होता, उत्साह होता, पण सर एकटे. एका फेकीला धावपट्टीपासून भाला टोचेपर्यंत पाच-सहा सेकंद लागतात, आणि त्यातला बघण्यासारखा क्षण डोळ्याची पापणी लवण्याइतका असतो. वीस-पंचवीस मुलं रांगेत उभी असली की एकटा माणूस अंतर मोजतो, फाऊल बघतो, शिस्त ठेवतो. फेक बघायची राहूनच जाते.

कोपर

शालेय स्पर्धा आपल्याकडे पावसाळ्यात सुरू होतात. तालुका, जिल्हा, विभाग अशी चढण चढताना मुलं चिखलात धावतात. भालाफेकीच्या खास बुटांना टाचेखालीही खिळे असतात. आमच्या मुलांच्या पायात साधे कॅनव्हासचे बूट. विभागीय स्पर्धेच्या आधीच्या आठवड्यात मुलगी पाणी पिताना बाटली डाव्या हाताने धरू लागली. सरांच्या ते लक्षात आलं. "थोडं दुखतंय, सर. शेवटच्या फेकीनंतर जास्त." स्पर्धा झाली, पदक आलं, आणि मग ते 'थोडं' वाढलं.

इथे या प्रकरणात चौथं माणूस येतं. गावात परतलेले एक निवृत्त सुभेदार. लष्करातल्या आंतरयुनिट स्पर्धांत त्यांनी भाला फेकलेला होता. नाव झालं नाही, पण शिस्तीत शिकलेले. नातवाला सोडायला शाळेत यायचे आणि कठड्याला टेकून बघत उभे राहायचे. सरांनी त्यांना विचारलं, "सुभेदार साहेब, जरा हिचं बघता का?" त्यांनी मुलीला हलक्या हाताने फक्त तीन फेकी करायला लावल्या. बघताना त्यांनी तळहात डोळ्यांसमोर असा आडवा धरला की मुलीचं कमरेच्या वरचं काहीच दिसू नये. हाताकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. तिसऱ्या फेकीनंतर धावपट्टीवर गेले, तिच्या डाव्या बुटाने ओढलेली चिखलातली रेघ बोटाने दाखवली आणि म्हणाले, "दुखणं इथं आहे."

रेघ चांगली वीतभर लांब होती. डावा पाय जिथे टेकतो तिथेच रोवला जायला हवा, गुडघा ताठ राहायला हवा. धावण्याचा सगळा वेग त्या पायावर अडतो, तिथून कंबर, छाती, खांदा आणि अगदी शेवटी कोपर असा वर चढत जातो. पाय घसरला किंवा गुडघा वाकला की तो वेग जमिनीतच मुरतो. मग भाला लांब नेण्याची सगळी जबाबदारी एकट्या हातावर येते. खांद्याच्या रेषेच्या खाली उतरलेलं कोपर ओढ खातं आणि आतल्या बाजूचे बंध ताणले जातात. मुलगी ताकदवान होती, म्हणून चुकीच्या पद्धतीनेही पदक मिळवून गेली. पदक आलं की चूक झाकली जाते. पंधरा वर्षांच्या खेळाडूच्या बाबतीत सगळ्यात मोठा धोका हाच, असं मला वाटतं.

हडपसरच्या डॉक्टरांनी तपासून बंध ताणल्याचं सांगितलं आणि सहा आठवडे फेक बंद केली.

निर्णय

बैठक मुलीच्या घरी झाली. वडील चाकणच्या कंपनीत पाळीवर जाणारे. रात्रपाळी करून आलेले, डोळे तांबारलेले. आईचा मुद्दा सरळ होता: "सर, दहावी आहे. तिथं गेली तर अभ्यास कोण बघणार? आणि नाही गेली तर परत बोलावतील का?" क्रीडा सवलतीचे गुण, पुढे सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं ५ टक्के आरक्षण, हे सगळं वडिलांच्या डोक्यात होतं. मला त्यात गैर काही वाटत नाही. मैदानावर मुलगी पाठवणारं घर पुढचा हिशेब करणारच.

सरांची अडचण वेगळी होती आणि त्यांनी ती मोकळेपणाने मांडली. गोळी घेऊन चाचणी दिली तर निवड होण्याची शक्यता होती. निवड झाली तर मुलीला चांगली धावपट्टी, आहार, फिजिओ मिळणार. पण दुखरं कोपर घेऊन ती तिथे गेली आणि नव्या ठिकाणी पहिल्याच महिन्यात जोर लावायला लागला तर? "नीरजचंही कोपर दुखावलं होतं की," वडील म्हणाले. सुभेदारांनी उत्तर दिलं, "हो. २०१९ ला मुंबईत शस्त्रक्रिया झाली. त्याच्या मागं तेव्हा डॉक्टर, फिजिओ, प्रशिक्षक, सगळा देश होता. हिच्या मागं आपण चौघं."

शेवटी मुलीला विचारलं. ती म्हणाली, "दुखतंय तोवर मला जोरात टाकायचंच नाही. भीती वाटते." बैठक तिथेच संपली. चाचणीला न जाण्याचं ठरलं.

या निर्णयाची किंमत होती. गावातून अशा ठिकाणी बोलावणं वारंवार येत नाही, आणि पुढच्या वर्षी ती १७ च्या गटात बसणार नव्हती. तरीही निर्णय योग्य होता असं मी म्हणतो. मात्र तो घ्यावा लागला, यातच आपल्या व्यवस्थेचं दुबळेपण आहे. सहा महिने आधी कुणीतरी तो डावा पाय बघितला असता, तर ही निवड करायची वेळच आली नसती.

वर कोण आहे, खाली कोण आहे

देशाच्या पातळीवर चित्र कसं पालटलं ते एकदा पाहू. नीरजने फेब्रुवारी २०१६ मध्ये गुवाहाटीला दक्षिण आशियाई स्पर्धेत ८२.२३ मीटर फेकून राष्ट्रीय विक्रमाची बरोबरी केली. तेव्हा ती भारतीय भालाफेकीची कमाल होती. २०२३ मध्ये बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेत पहिल्या सहांत तीन भारतीय होते: नीरज पहिला, किशोर जेना पाचवा, डी. पी. मनू सहावा. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये टोकियोच्या जागतिक स्पर्धेत नीरज ८४.०३ मीटरवर आठव्या क्रमांकावर थांबला, त्या दिवशी सचिन यादव ८६.२७ मीटर फेकून चौथा आला. पदक ४० सेंटिमीटरने हुकलं. पहिला खेळाडू अडखळला तेव्हा दुसरा पुढे होता. खोली म्हणतात ती हीच. सचिनही आधी वेगवान गोलंदाज होता.

पण ही खोली शिखराजवळची आहे. नीरजच्या मागे गॅरी कॅल्व्हर्ट, उवे होन, क्लाऊस बार्टोनिट्झ आणि २०२५ मध्ये यान झेलेझनी अशी मोठी माणसं एकामागून एक उभी राहिली. होन हा १९८४ मध्ये १०४.८० मीटर फेकणारा; पुढे १९८६ मध्ये भाला लवकर खाली यावा म्हणून पुरुषांच्या भाल्याचा गुरुत्वमध्यच पुढे सरकवावा लागला. झेलेझनीचा ९८.४८ मीटरचा विश्वविक्रम १९९६ पासून अजून उभा आहे. हे सगळे नंतरचे. नीरजला पानिपतच्या शिवाजी स्टेडियमवर पहिल्यांदा भाला धरायला शिकवला तो जयवीर चौधरी या थोरल्या भालाफेकपटूने. तो स्वतः तिथे सराव करत होता. त्याच्याकडे बघायची नजर होती आणि शेजारी उभं राहायला वेळ होता. मला यातला हा दुवा सर्वांत महत्त्वाचा वाटतो. साठ-सत्तर मीटरवर अडकलेला, पदकाच्या यादीत न येणारा भालाफेकपटू हाच तेरा वर्षांच्या मुलाचा पहिला गुरू होऊ शकतो, आणि अशा माणसांना आपण तिशीच्या आत मैदानावरून घालवून देतो.

फिनलंडकडे बघा. लोकसंख्या ५६ लाखांच्या आसपास. पुणे जिल्ह्याची २०११ च्या जनगणनेतच ९४ लाखांच्या वर होती. त्या देशाने पुरुषांच्या भालाफेकीत सात ऑलिम्पिक सुवर्णपदकं मिळवली, १९३२ मध्ये तर तिन्ही पदकं. तिथे 'पेसापालो' नावाचा चेंडूफळीचा खेळ घरोघरी, त्यामुळे फेकणारे हात लहानपणीच तयार होतात. हात आपल्याकडे क्रिकेट तयार करतं. फरक पुढे पडतो. तिथे गावच्या क्लबात संध्याकाळी भाला फेकून बघितलेली मोठी माणसं हजर असतात.

पुण्यात साधनं नाहीत असं कुणी म्हणू नये. बालेवाडीचं श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेसाठी उभं राहिलं. २०१३ ची आशियाई मैदानी स्पर्धा तिथेच झाली. लष्कराची आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूट याच शहरात आहे आणि तिथल्या स्टेडियमला ऑगस्ट २०२१ मध्ये नीरज चोप्राचं नाव दिलं गेलं. पण आमच्या गावातून बालेवाडी म्हणजे शहराचं दुसरं टोक. दोन बस बदलून जायचं, सराव करायचा, परत यायचं आणि मग अकराची शाळा. असं आठवडाभर कुणीही करू शकणार नाही. म्हणून नजर गावात यायला हवी.

वर्षभरात काय केलं

सुभेदारांनी पहिल्याच दिवशी एक अट घातली: "मी एकटा येणार नाही. दोन पोरं द्या, त्यांना बघायला शिकवतो." सरांनी दोन महाविद्यालयीन मुलं गाठली. दोघंही शाळेतून पुढे गेलेली, ८०० ग्रॅमचा भाला पन्नास-पंचावन्न मीटर फेकणारी. राज्याच्या पुढे जातील असं त्यांनाही वाटत नव्हतं. त्यांना एकेक काम वाटून दिलं. एकाने फक्त डावा पाय बघायचा, दुसऱ्याने फक्त कोपराची उंची. महिनाभर बाकी काही बघायचंच नाही. हे ऐकायला एकसुरी वाटतं, पण तीन आठवड्यांत पहिला मुलगा पाठ करून उभा राहिला तरी बूट टेकल्याच्या आवाजावरून सांगू लागला की पाय रोवला की घसरला.

मुलीची धावपट्टी काढून घेतली. सहा आठवडे फेक बंद; तेवढे दिवस पायाचा आणि पोटाचा व्यायाम. नंतर दोन्ही हातांनी डोक्यावरून मेडिसिन बॉल, मग उभ्याने चेंडूफेक, मग तीन पावलांवरून बांबूचा भाला. जोर लावून केलेल्या फेकींची मोजदाद मी वहीत ठेवत होतो. सुभेदारांनी आठवड्याची मर्यादा घातली होती आणि ती पूर्ण झाली की मुलीने कितीही विनवलं तरी भाला परत कपाटात. दहावीच्या परीक्षेच्या काळात तिने फक्त व्यायाम केला. जूनमध्ये अकरावीत गेल्यावर ६०० ग्रॅमचा भाला हातात आला. पहिल्या दिवशी अंतर पाहून ती रडवेली झाली होती. शंभर ग्रॅम कागदावर कमी वाटतात, पण त्या वयात भाला बदलणं म्हणजे सगळी लय नव्याने बसवणं. याच वळणावर खूप मुली खेळ सोडतात. घरच्यांना आकडा घसरलेला दिसतो आणि त्यांना वाटतं, संपलं. सरांनी तिच्या आईला मुद्दाम मैदानावर बोलावून दोन्ही भाले हातात दिले. "उचलून बघा, ताई." आईने काही न बोलता जड भाला पुन्हा एकदा उचलला आणि मुलीकडे पाहिलं.

ऑक्टोबर २०२५ पर्यंत ती ६०० ग्रॅमच्या भाल्यावर तिच्या जुन्या अंतराच्या दोन-तीन मीटर मागे येऊन पोहोचली. कोपर दुखत नाही. विभागीय स्पर्धेत चौथी आली, म्हणजे कागदावर दोन जागा खाली. मी तरी ही प्रगती मानतो. सुभेदारही मानतात. तिच्या वडिलांना मात्र हे पटवायला वेळ लागला, आणि त्यांचा संशय मला समजतो. वर्षभर थांबून चौथा क्रमांक, हे घरात कसं सांगायचं?

बाकीच्या मुलांत फरक जास्त उठून दिसला. आता तीन जोड्या डोळे आहेत, त्यामुळे नवीन मुलगा येतो तेव्हा पहिल्या महिन्यातच त्याचा पाय बसवला जातो. लहानांना धातूचा भाला देणं बंद केलं; रबरी टोकाचा प्लास्टिकचा भाला आणला, जो क्रिकेट चालू असतानाही कडेला फेकता येतो. आजूबाजूच्या शाळांतले काही क्रीडाशिक्षक रविवारी येऊन बसू लागले. सुभेदार त्यांनाही तोच धडा देतात: आधी पाय.

जे जमलं नाही तेही सांगायला हवं. दोन मदतनीसांपैकी एकाने दिवाळीनंतर यायचं सोडलं. पोलीस भरतीची तयारी सुरू केली, आणि घरची ओढाताण बघता त्याला दोष देण्यासारखं काही नाही. ज्याने बुटाच्या आवाजावरून चूक ओळखायला शिकून घेतलं, तोच हा मुलगा. गावातले पालक इंग्रजी-गणिताच्या क्लासची फी वेळेवर भरतात. मैदानावर कुणी पैसे घेईल ही कल्पनाच त्यांना रुचत नाही. आम्ही विचारून पाहिलं. दोन-तीन घरं तयार झाली, बाकीच्यांनी विषय बदलला. स्पर्धेत पदक आणणाऱ्या खेळाडूसाठी सत्कार, शाल, रोख रक्कम सहज गोळा होते. त्याच्या पलीकडे उभं राहून रोज त्याचा पाय बघणाऱ्या बावीस वर्षांच्या मुलासाठी महिन्याचं मानधन कोणत्या खात्यातून द्यायचं, याचं उत्तर शाळेकडे नाही, पंचायतीकडे नाही आणि कोणत्याही योजनेच्या कागदावर मला तरी सापडलं नाही.

राहिलेल्या मदतनीसाने पतियाळाच्या एनआयएसचा, म्हणजे प्रशिक्षक घडवणाऱ्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा, सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्स करायचं ठरवलं आहे. प्रवास आणि राहण्याचा खर्च माजी विद्यार्थ्यांनी उचलला. बदल्यात त्याने तीन वर्षं हेच मैदान सांभाळायचं, असं तोंडी ठरलं आहे. लेखी घ्यावं का, यावर सर आणि सुभेदार यांच्यात अजून मतभेद आहेत. सर म्हणतात, लिहून घेतलं की मुलगा बांधला जातो. सुभेदार म्हणतात, त्याला दरमहा काय द्यायचं ते आधी लिहा, मग तो किती वर्षं थांबणार ते लिहू.

मानधनाचा प्रस्ताव संस्थेच्या विश्वस्तांपुढे ठेवला आहे. त्यासोबत मी आमची नोंदवही जोडली: कोणत्या मुलाचा पाय कधी बसला, कुणी बसवला, आणि कुणाचं कोपर दुखायच्या आत थांबवलं.